नेम स्वस्तात मिळतो का?

ऑफिसात कुणी ‘गाव कुठलं?’ विचारलं की मी ‘गोरेगाव’ म्हणतो. पुढचा प्रश्न ठरलेला, ‘ईस्ट की वेस्ट?’ बॉस, माझं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं. तिथे लोकल येत नाही, हळद येते.

परवा तिथून मावसभावाचा फोन. “दादा, एअरगनवर स्कोप बसवायचाय. अडीच हजारांचा घेऊ का पंधरा हजारांचा?” हळदीच्या पैशातून पठ्ठ्याने बाजूला काढलेत. म्हणजे उत्तर चुकवून चालणार नव्हतं.

मी स्वतः या खड्ड्यात पडून आलोय. झूमचा मोठ्ठा आकडा बघून स्वस्तातला स्कोप घेतला. शंभरेक छर्रे मारले आणि नेम एकीकडे, छर्रा भलतीकडे! तेव्हा फंडा क्लिअर झाला. जास्त पैसे झूमचे नसतातच, ते तर स्वस्तवालेही ढीगभर देतात. पैसे जातात चांगल्या काचेला आणि ‘झीरो’ न हलण्याला. म्हणजे आज लावलेला नेम उद्याही तिथेच सापडायला हवा.

उलट झूम महागात पडतो. ४० मिमीचं भिंग ४ पटीवर ठेवलं तर डोळ्याकडे १० मिमी रुंद प्रकाशझोत येतो. १६ पटीवर तोच अडीच मिमी. दिवस मावळायला लागला की चित्र काळवंडतं, आणि हाताची थरथरही १६ पट मोठी दिसते.

मग महागडाच घ्यावा? थांबा. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये पिस्टन पुढे धावताना बंदूक मागे ढकलली जाते आणि पिस्टन थांबला की पुढे झटका खाते. मोठ्या रायफलीसाठी बनवलेला भारी स्कोपही या उलट्या झटक्याने खिळखिळा होऊ शकतो. शिवाय असे स्कोप बहुतेक वेळा १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. २५ मीटरवरच्या डब्याकडे बघताना डोळा जरा हलला की क्रॉसही लक्ष्यावरून सरकतो.

म्हणून माझा निकाल असा. परसात डबे उडवायचेत? एअरगनसाठीच बनवलेला, ४ पटीचा साधा स्कोप पुरे. अंतर बदलेल तशी दर वेळी डायल फिरवायची असेल, तर मात्र खिसा सैल करा. आणि कुठलाही घ्या, एक टेस्ट कराच. एक छर्रा मारा. मग डायल २० क्लिक उजवीकडे, २० वर, २० डावीकडे, २० खाली फिरवा. पुन्हा मारा. छर्रा पहिल्या भोकाजवळ आला की पैसे वसूल. नाही आला तर आधी माउंटचे स्क्रू तपासा, मग दुकानदाराशी भांडा.

एवढं ज्ञान पाजळल्यावर मला सुचलं, “पण तुला हवाय कशाला? रानडुकरांसाठी असेल तर विसर. परवानगीशिवाय शिकार हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि छर्ऱ्याने डुक्कर नुसतं जखमी होतं.”

“नाही रे दादा. स्पर्धेत उतरायचंय. स्वप्नील कुसाळेसारखं.”

मी कपाळावर हात मारला. अरे, ऑलिम्पिकच्या १० मीटर एअर रायफलला काय किंवा ५० मीटर रायफलला काय, बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही! बारीक भोकाच्या पीप साइटमधून उघड्या डोळ्याने नेम धरायचा. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं ब्राँझ जिंकला, ४५१.४ गुणांनी. रायफलवर स्कोप नाही, ना अडीच हजारांचा, ना पंधरा हजारांचा.

फोनवर क्षणभर शांतता. मग पोरगा म्हणाला, “म्हणजे पैसे वाचले?”

वाचले नाहीत राजा. छर्रे आण, चांगला कोच शोध, रेंजवर जायला एसटीचं भाडं ठेव. ते पंधरा हजार तिथे लागणार आहेत.

आणि मित्रांनो, पुढच्या सेलमध्ये ‘स्वस्त की महाग’ असं डोकं खाजवण्याआधी तुम्हीही एकदा विचारा, मुळात हे लागणार आहे का? मी दहा मिनिटांनी विचारलं. तुम्ही आधी विचारा.