मुलगी डॉक्टर होणार, पण कुठे?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. त्या यादीत आपलं हिंगोली होतं. शंभर जागांचं कॉलेज. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या, कायम मागासलेला म्हणून हिणवल्या गेलेल्या जिल्ह्यासाठी ही आनंदाचीच गोष्ट. आपल्यालाही तो आनंद झाला.

पण या आनंदाच्या पाठोपाठ घराघरांत एक नवं वाक्य ऐकू येऊ लागलं आहे. ‘आता गावातच कॉलेज झालंय, मग पोरीला मुंबई-पुण्याला कशाला पाठवायचं?’ मैत्रिणींनो, हेच वाक्य मुलाबाबत कुणी म्हणताना ऐकलं आहे का? मुलाला चांगले गुण पडले की बाप कर्ज काढतो आणि पुण्याच्या गाडीत बसवून देतो. मुलीला तेवढेच गुण पडले की घरच्यांना अचानक जवळच्या कॉलेजचं प्रेम येतं. हे प्रेम कॉलेजवरचं नाही. मुलगी नजरेआड होऊ नये म्हणूनचा हा बंदोबस्त आहे.

म्हणून आज थोडं स्पष्ट बोलू या. जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात शिकण्याने खरोखर काही वेगळं मिळतं का? की तो नुसता नावाचा डामडौल आहे?

पदवीत काही फरक नाही, हे आधी मान्य करू. १९९८ साली नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची मुलगी आणि हिंगोलीची मुलगी आज त्याच विद्यापीठाची, तीच परीक्षा देतात. फरक आहे तो हाताला मिळणाऱ्या सरावात. डॉक्टरकी पुस्तकातून अर्धीच शिकता येते, उरलेली अर्धी खाटेजवळ उभं राहून शिकावी लागते. बाळंतपणात झटके येणारी बाई, जन्मतःच निळं पडलेलं बाळ, सापाचं विष चढलेला शेतमजूर, हे सगळं पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय हात आणि डोळा तयार होत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार शंभर जागांच्या कॉलेजला किमान ४२० खाटांचं रुग्णालय लागतं. ग्रँट कॉलेजच्या जे. जे. रुग्णालयात तेराशेच्या वर खाटा आहेत. विद्यार्थी तिथेही जास्त आहेत हे खरं, पण तऱ्हेतऱ्हेचे विभाग आणि दूरदूरहून पाठवलेले अवघड रुग्ण तिथे एका छताखाली येतात.

दुसरी गोष्ट निवासी डॉक्टरांची. मोठे प्राध्यापक सकाळी येऊन फेरी घेऊन जातात. रात्री दोन वाजता टाके कसे घालायचे, सलाईन कसं लावायचं, हे शिकवतात पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर. जुन्या कॉलेजात ते प्रत्येक विभागात असतात. नव्या कॉलेजात पदव्युत्तर जागा यायला वर्षं जातात. आपल्या कॉलेजची पहिली तुकडी २०२४ ची. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षाची इंटर्नशिप धरली तर ती पूर्ण व्हायला २०३० साल उजाडेल. तोवर ‘ताई, या परीक्षेचं कसं, पुढे कुठे जाऊ’ असं विचारायला तिथून शिकून पुढे गेलेली एकही मुलगी नसणार. खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड पाहणाऱ्या मुलीला अशा थोरल्या बहिणींची गरज सगळ्यात जास्त असते.

आता थोडं मागे जाऊ. ही जुनी कॉलेजं आपल्यासाठी उघडी नव्हती. एडिंबरो विद्यापीठात १८६९ साली बायकांनी वैद्यकीसाठी नाव घातलं, तेव्हा पुढच्याच वर्षी त्यांना परीक्षेच्या दारात चिखलफेक सोसावी लागली. अखेर १८७३ मध्ये न्यायालयाने त्यांना पदवीचा हक्क नाकारला. त्यांच्यातल्या सोफिया जेक्स-ब्लेक यांनी मग १८७४ साली लंडनला बायकांसाठी वेगळं वैद्यकीय विद्यालय उभं केलं. आपली रखमाबाई पुढे तिथेच शिकून १८९४ साली डॉक्टर झाली. त्याच एडिंबरोच्या गटातल्या एडिथ पेची १८८३ साली मुंबईला आल्या आणि कामा रुग्णालयाच्या उभारणीत राबल्या. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट कॉलेजने बायकांना दार उघडलं तेही १८८३ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी सातासमुद्रापार फिलाडेल्फियाला निघाल्या होत्या. तिथेही त्यांना जागा मिळाली ती बायकांच्या वेगळ्या कॉलेजात.

आपला भाग तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपलं जुनं वैद्यकीय विद्यालय म्हणजे हैदराबादचं, १८४६ सालचं. पुढे तेच उस्मानिया मेडिकल कॉलेज झालं. १८८५ साली तिथे रूपाबाई फर्दूनजी नावाची पारशी मुलगी दाखल झाली, १८८९ साली तिने ‘हकीम’ ही पदवी मिळवली आणि शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म देण्यात ती वाकबगार झाली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचं नाव घेतलं जातं. पुढे ती अधिक शिकायला एडिंबरोलाही गेली. आपल्या पणज्या ज्या राज्यात राहत होत्या, त्याच राज्यातली ही गोष्ट.

ही दारं मराठवाड्यासाठी नंतरही पूर्ण उघडली नव्हती. २०२० पर्यंत राज्यात ७०:३० चं सूत्र होतं. प्रत्येक विभागातल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं मोजकी, त्यामुळे आपल्या मुलामुलींना मुंबई-पुण्याच्या उरलेल्या ३० टक्क्यांतच झगडावं लागे. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं. २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी शासनाने माफ केली. सरकारी दार उघडलं, फीचं दार उघडलं. आता उरलं आहे ते घराचं दार. तेच लावून घ्यायचं का?

आईबाप म्हणतील, ‘बाई, पेपर वाचता ना?’ वाचतो. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्याच वरिष्ठ सहकारी स्त्री डॉक्टरांवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात, कामाच्या पाळीवर असलेल्या तरुण डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला. दोन्ही संस्था शंभरी गाठलेल्या. संस्था जुनी झाली म्हणून ती माणुसकीची होत नाही, हे आपण कुणाला शिकवायची गरज नाही. पण म्हणून मुलीला घरी ठेवायचं, तर हिंगोलीच्या कॉलेजातही रात्रपाळी असणारच आहे. धोका अंतराने कमी होत नाही. रात्रपाळीला बाईसाठी कडी लागणारी स्वतंत्र खोली, उजेड असलेला रस्ता, २०१३ च्या कायद्याप्रमाणे काम करणारी तक्रार समिती आणि जातीच्या छळाची दखल घेणारी यंत्रणा असेल तर तो कमी होतो. या गोष्टी मुंबईत मागायच्या आणि इथेही मागायच्या.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. हुशार मुली शहरात गेल्या तर हिंगोलीच्या बायांना कोण पाहणार? सेनगावच्या, औंढ्याच्या, कळमनुरीच्या अडलेल्या बाईला आजवर ‘नांदेडला न्या’ हेच ऐकावं लागलं. आणि त्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यातली १२ नवजात बाळं होती. आजूबाजूच्या जिल्ह्यांचा भार एकाच रुग्णालयावर पडतो, तेव्हा काय होतं हे आपण पाहिलं आहे. म्हणूनच हिंगोलीचं कॉलेज हवंच आहे, आणि ते नुसत्या पाटीचं नको, भरलेल्या पदांचं हवं.

पण इथे एक गोम आहे. जिल्ह्याची सेवा करण्याचा भार नेहमी मुलीच्याच खांद्यावर का? मुलगा परदेशी गेला तर मिरवणूक, मुलगी मुंबईला निघाली तर गावाचं ऋण आठवतं! आणि खरं पाहिलं तर हिंगोलीला उद्या शिकवणाऱ्या बायका लागणार आहेत. स्त्रीरोग, बालरोग, भूल या विभागांत प्राध्यापक लागणार आहेत. भरपूर रुग्ण पाहिलेल्या, पदव्युत्तर शिकलेल्या आपल्याच मुली परत आल्या तर हे कॉलेज उभं राहील. त्या परत याव्यात असं आपण म्हणू शकतो, त्यांना तशी अट घालू शकत नाही.

प्रत्येक मुलीने दूरच जावं, असंही आमचं म्हणणं नाही. कुणाला गुण तेवढे नसतील, कुणाला आजारी आईजवळ राहायचं असेल, कुणाला आपल्याच बोलीत बोलणाऱ्या रुग्णांत शिकायचं असेल. तिने तसं ठरवलं तर हिंगोलीचं कॉलेज तिचं हक्काचं आहे. प्रश्न कॉलेज जुनं की नवं एवढाच नाही. ठरवतं कोण, हा खरा प्रश्न आहे.

प्रवेशाच्या वेळी कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. आज तो फॉर्म भरताना संगणकासमोर कोण बसलेलं असतं? बहुतेक घरांत बाप, मामा, नाहीतर भाऊ. मुलगी मागे उभी. आपल्या भागातल्या प्रत्येक आईने यंदा एवढं करावं. खुर्ची मुलीला द्यावी. कॉलेजात रोज किती रुग्ण येतात, शिक्षकांची किती पदं भरली आहेत, निवासी डॉक्टर आहेत का, रक्तपेढी आहे का, वसतिगृह कसं आहे, हे तिने स्वतः विचारावं आणि मग क्रम लावावा. घर किती लांब आहे हा प्रश्नही तिला पडू शकतो, पण तो यादीत कितवा ठेवायचा हे तिचं तिला ठरवू द्यावं.