पूर्वजांचें श्राद्ध कीं पूर्वजांचा इतिहास ?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पितृपंधरवडा आला कीं आपलीं घरें उसनवार करूनहि पानें वाढतात, भिक्षुकाच्या हातावर दक्षिणा ठेवितात. पण ज्या आज्याच्या नांवानें पान वाढलें, त्यानें मळ्यांतील विहीर कोणत्या सालीं खणली, हें घरांत एकालाहि सांगतां येत नाहीं. पणज्याचें नांव हवें तर नाशिक-त्र्यंबकेश्वरास जाऊन उपाध्यायाची नामावळी उघडावयाची ! आपलाच पूर्वज, आणि त्याची ओळख दुसऱ्यानें दक्षिणा घेऊन करून द्यावी, याहून दुबळेपणा तो कोणता ?

हें असें कां झालें ? लेखणी आपल्या हातीं नव्हती म्हणून. दप्तर कुळकर्ण्याचें, खतें सावकाराचीं. त्या कागदांत आपला पूर्वज येतो तो देणेकरी म्हणून, आणि सहीच्या जागीं नांगराची निशाणी ! १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणबी उठले आणि त्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं. राग रास्त होता; पण दुसऱ्याचा कागद जाळल्यानें आपला कागद तयार होत नाहीं. तो लिहावाच लागतो.

हें ज्यांनीं ओळखलें त्यांत कृष्णराव भालेकर होते. त्यांनीं १८७७ सालीं पुण्यांत ‘दीनबंधु’ काढला. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनीं १९१० सालीं ‘दीनमित्र’ सुरूं केला आणि शहराकडे न पळतां नेवासें तालुक्यांतील तरवडीसारख्या खेड्यांतून तो १९६७ पर्यंत चालविला. ‘कुळकर्णीलीलामृत’ लिहून दप्तरांतील लबाडी त्यांनीं वेशीवर टांगली. खेड्यांत बसून लिहितां येत नाहीं, असें आतां कोणत्या तोंडानें म्हणावें ?

कोणी म्हणेल, आमच्या आज्यानें लिहिण्याजोगें काय केलें ? अहो, १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून व मिलोच्या भाकरी खाऊन ज्यानें पोरें जगविलीं, त्यानें कांहींच केलें नाहीं ? आणि आजी ? जन्मभर शेत राबली, पण सातबाऱ्यावर जिचें नांव चढलें नाहीं, तिचें नांव निदान आपल्या वहींत तरी येऊं द्या.

मात्र भाटगिरी नको. आज्याला राजवंशी ठरवूं नका. तो दारू पीत असेल, बायकोवर हात टाकीत असेल, कोणाला अस्पृश्य म्हणून ओसरीखालीं उभें करीत असेल, तर तेंहि लिहा. खोटा मोठेपणा मिरविणारा वंशज पूर्वजापासून कांहींच शिकत नाहीं.

तेव्हां यंदा दक्षिणेच्या पैशांतून एक शंभरपानी वही आणा. शाळेंत जाणाऱ्या मुलीला म्हाताऱ्याजवळ बसवा आणि तो सांगेल तें त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तो आहे तोंवरच हें साधेल. मागाहून पिंडाला कावळा शिवेल. पण कावळ्याला विचारून घराचा इतिहास कळत नाहीं.