तपासणी कोणाची, भुर्दंड कोणाला?



अतिवृष्टीच्या अनुदानाचा विषय निघाला की ‘बोगस लाभार्थी’ हेच शब्द आधी कानावर येतात आणि मग कागदपत्रांची आणखी एक चाळणी लागते. सरकारी पैसा आहे, तपासणी हवीच. पण आज ती चुकीच्या दारात उभी आहे, असे माझे म्हणणे आहे.

जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी तालुक्यांचे उदाहरण ताजे आहे. तिथे अनुदानाच्या याद्यांत बोगस नावे घालून कोट्यवधी रुपये उचलल्याचे चौकशीत पुढे आले. तलाठी आणि महसूल कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील; पण पैशाला पाय फुटले ते याद्या भरणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या टेबलांवर. शेतकऱ्याचा अंगठा दहादा घेतला असता तरी हे थांबले नसते.

आता खऱ्या नुकसानग्रस्ताचे काय होते ते पाहा. यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन तो सेवा केंद्रात ई-केवायसीला जातो. खुरपून खुरपून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या बायका मशीनवर अंगठा दाबत राहतात. ठसा काही उठत नाही. ‘आजी, हात धुऊन या,’ असे केंद्रातला पोरगा सांगतो. तोवर सर्व्हर बंद पडतो. सातबारा मयत नवऱ्याच्या नावावर असेल तर वारसनोंद आधी. गट सामायिक असेल तर पुण्याला राहणाऱ्या दिराचे संमतीपत्र आणा. बटईने करणाऱ्याचे तर नावच कुठे नसते. एवढे होऊन रक्कम जमा झालीच, तर पीककर्ज थकले म्हणून बँकेने खात्याला होल्ड लावलेला! अनुदानातून वसुली करू नका असे सरकार बजावते, पण शाखेत उत्तर मिळते, ‘आमच्याकडे वरून काही आले नाही.’ २०२५मध्ये आपत्ती निधीच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळत होते. त्यासाठी किती दिवसांचा रोज बुडवायचा?

सरकारलाही हे कळत नाही असे नाही. २०१९च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे बँका आणि एटीएम बंद होती, तेव्हा सानुग्रह अनुदानातले ५,००० रुपये हातात रोख देऊन उरलेली रक्कम खात्यावर टाकायचे ठरले. २०२५च्या पुरानंतर ॲग्रिस्टॅकमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदवहीत, नोंद असलेल्यांना ई-केवायसीतून सूट दिली गेली. संकट अंगावर आले की जे सुचते, त्याचा कायमचा नियम का होत नाही?

रोख वाटली की गळती होणार, असा आक्षेप येईल. होईलही थोडी. पण चुकीच्या घरात गेलेले पाच हजार मागून वसूल करता येतात. बी-खताला पैसा नाही म्हणून वाफसा हुकला, तर रब्बीची पेरणी कोण परत आणून देणार? मग सावकाराचे दार उघडेच असते. सरकारच्या जोखमीच्या हिशेबात हे नुकसान धरलेच जात नाही.

म्हणून काही मागण्या. पाण्याखाली गेलेल्या गावात पहिला छोटा हप्ता घरटी आणि लगेच द्यावा. काटेकोर छाननी दुसऱ्या, मोठ्या हप्त्यासाठी ठेवावी. यादी भरणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा, आणि यादी मंजूर करण्याचा स्वतःचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या अधिकाऱ्यालाही जबाबदार धरावे. यादी चावडीवर रकमेसकट लावून ग्रामसभेत वाचावी. कोणाचे रान कुठे आहे आणि कोणाचे नाहीच, हे गावाला पाठ असते. ठसा न उठणाऱ्यांची ओळख तलाठ्याने घरी जाऊन पटवावी. होल्ड लावणाऱ्या शाखेवर कारवाई व्हावी.

आणि शेवटची मागणी. बोगस नावे किती वगळली, हा आकडा सांगताना त्याच पत्रकात प्रत्येक तालुक्यातील किती खऱ्या नुकसानग्रस्तांना महिना उलटूनही पैसे मिळाले नाहीत, तेही छापावे. तहसीलदारांना दोन्ही आकड्यांचा जाब द्यावा लागला, तरच तपासणीची दिशा बदलेल.

— एक वाचक, परांडा (जि. धाराशिव)