टीसी मागणाऱ्या पोरांची बाजू

कॉलेज बदलायचं म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, ‘का, काय झालं तिथं?’ टीसी मागणाऱ्यानं काहीतरी केलेलंच असणार, असं धरून चालतात. प्राध्यापकांच्या खोलीतही मी वर्षानुवर्षं हेच ऐकत आलो: मधेच कॉलेज सोडणारं पोर धरसोडीचं, आज इथून गेलं तसं उद्या तिथूनही जाईल. मला हे मुळीच मान्य नाही.

माझी भाची पुण्यात बीकॉमच्या पहिल्या वर्षाला होती. दाजी सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात यंत्रमागावर टॉवेल विणतात. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, घरात दुसरं करतं माणूस नाही. पोरगी वर्ष पुरं करून, सगळे विषय सुटलेले असताना परत आली. पुढचे दोन महिने तिच्या हातात एक निळी प्लास्टिकची फाइल असे. नो ड्यूजच्या कागदावर पाच सह्या लागत होत्या: ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह, लेखा विभाग. कॉमर्सच्या या मुलीनं प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं, तरी तिथली सही हवीच होती. एका सहीसाठी ती सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेली; साहेब रजेवर, म्हणून संध्याकाळच्या हुतात्मानं रिकाम्या हातानं परतली. हिला धरसोडीची म्हणायचं?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अभ्यासक्रम जुळत नाहीत. बाहेरच्या विद्यापीठातलं पोर थेट दुसऱ्या वर्षाला घेतलं तर पाया कच्चा राहतो, दर्जा घसरतो. शिकवणारा माणूस म्हणून ही काळजी मला कळते. पण हे ‘बाहेरचं’ कसं ठरलं ते पाहा. 2004 पर्यंत आमची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. सांगलीची मुलगी सोलापूरला आली तरी ती त्याच विद्यापीठाची राही. 1 ऑगस्ट 2004 ला एका जिल्ह्यापुरतं सोलापूर विद्यापीठ झालं. आम्हाला त्याचा अभिमान आहे, पण तेव्हापासून जिल्ह्याची वेस तीच विद्यापीठाची वेस झाली. सांगलीची मुलगीही आता परक्या विद्यापीठाची; तासाभरावरच्या तुळजापूरची तर आधीपासूनच परक्या विद्यापीठाची. अशा मुलीला मायग्रेशन हवं, पात्रता प्रमाणपत्र हवं. नफातोटा पत्रक तुळजापुरात एक आणि सोलापुरात दुसरं असं मांडत नाहीत. एखाददुसरा विषय खरोखर वेगळा असेल तर त्याची परीक्षा पुढच्या सत्रात घ्या. त्यासाठी अख्खं वर्ष परत करायला लावणं हा अन्याय आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी क्रेडिटची बँक उभी केली. मिळवलेलं क्रेडिट 7 वर्षांपर्यंत वापरता येतं. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुढे जोडून घेण्याची ही कल्पना काही आभाळातून पडलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचं शिक्षण अर्धवट सोडावं लागलं, तेव्हा 4 वर्षांच्या आत येऊन ते पुरं करण्याची परवानगी विद्यापीठानं त्यांना दिली होती. ते 1920 मध्ये परत गेले, 1921 मध्ये एमएस्सी झाले आणि 1923 मध्ये डीएस्सी.

राहता राहिली जागांची आणि वर्कलोडची भीती. विद्यार्थी घटले की शिक्षकांच्या पदांवर येतं, हे खरं आहे. पण पोरांची कागदपत्रं अडकवून पदं वाचवायची नसतात. मूळ प्रमाणपत्रं ताब्यात ठेवू नयेत, असं आयोगानं 2018 मध्येच संस्थांना बजावलं आहे.

भाचीला दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, पण तोवर निम्मं सत्र उलटलं होतं. पुणे, कोल्हापूर, मराठवाडा आणि सोलापूर या चार विद्यापीठांनी बीए, बीकॉम, बीएस्सीच्या समकक्ष विषयांचा तक्ता मे महिन्यातच लावावा. अर्ज आल्यापासून 15 दिवसांत टीसी हातात पडावा. आणि त्या पाच सह्या कॉलेजनं आपल्याच माणसांकडून, आपल्याच इमारतीत फिरून गोळा कराव्यात.