विश्लेषण : भर समुद्रात डेटिंग ॲप कोणाला ‘जवळचे’ दाखवते? क्रूझवर अनोळखी व्यक्तीला भेटताना काय लक्षात ठेवावे?

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझ आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ सप्टेंबर २०२१ पासून या मार्गांवर धावते आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर करताना पाच वर्षांत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. सिंगापूर, दुबईच्या क्रूझ पॅकेजच्या जाहिराती तर रोज मोबाइलवर दिसतात. या प्रवाशांत एकट्याने किंवा मित्रांबरोबर जाणारे तरुणही असतात आणि त्यांच्या फोनमध्ये टिंडर, बम्बल, हिंजसारखी ॲपही असतात. अडचण अशी, की ही ॲप शहरासाठी बनलेली आहेत. तुम्ही आज जिथे आहात, साधारण तिथेच उद्याही असाल, हे त्यांनी गृहीत धरलेले असते. जहाजावर नेमके तेच खोटे ठरते.

ॲपला तुमचे ठिकाण कळते कसे?

मुख्यतः जीपीएसवरून. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रह संकेत पाठवतात, फोन ते ऐकतो आणि स्वतःचे ठिकाण काढतो. त्यामुळे एअरप्लेन मोडवर आणि भर समुद्रातही जीपीएस चालते. मात्र जहाजाच्या आत, पोलादी भिंतींच्या खिडकी नसलेल्या केबिनमध्ये हे संकेत पोहोचत नाहीत. मग फोन आजूबाजूच्या वायफाय राउटरवरून अंदाज बांधतो. पण जहाजाचे राउटरही जहाजाबरोबर फिरत असतात. त्यामुळे फोन कधी कधी तुम्हाला मागच्याच बंदरात उभे करतो. उघड्या डेकवर गेल्यावर ठिकाण बहुधा दुरुस्त होते.

खरी गंमत वेगाची आहे. १८ नॉट वेगाने चाललेले जहाज ताशी साधारण ३३ किलोमीटर कापते. म्हणजे रात्रीच्या दहा तासांत ३०० किलोमीटरहून अधिक. संध्याकाळी मुंबई सोडताना ‘५ किलोमीटरवर’ दिसलेली व्यक्ती कुलाब्याची असू शकते, जहाजावरचीच असेल असे नाही. सकाळी तीच व्यक्ती ३०० किलोमीटरवर दिसली, तर ती किनाऱ्यावरच राहिली. मध्यरात्री कोकण किनाऱ्यासमोरून जाताना अंतराची मर्यादा मोठी ठेवली असेल, तर रत्नागिरी किंवा मालवणची प्रोफाइलही समोर येऊ शकतात. त्यांना भेटण्याचा प्रश्नच नाही.

यावर साधा उपाय म्हणजे किनारा दूर गेल्यावर अंतराची मर्यादा सर्वांत कमी, दोन-तीन किलोमीटरवर आणणे. आसपास पाणीच असल्याने उरतात ते फक्त सहप्रवासी. टिंडरमधील ‘पासपोर्ट’ किंवा बम्बलमधील ‘ट्रॅव्हल मोड’ इथे उपयोगाचे नाहीत. ते दुसऱ्या शहरात बसल्यासारखे दाखवतात, जहाजावर नेत नाहीत. पुढच्या बंदरावर कोणाशी आधीच बोलून ठेवायचे असेल, तर मात्र त्यांचा उपयोग होतो.

इंटरनेटचे काय?

किनारा सोडल्यावर काही वेळातच मोबाइल टॉवरचा संकेत तुटतो. पुढे भिस्त जहाजाच्या उपग्रह इंटरनेटवर. जुन्या पद्धतीचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात. तिथपर्यंत संदेश जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो आणि शेकडो प्रवासी तीच जोडणी वाटून घेतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. रॉयल कॅरिबियनने ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या ताफ्यावर ही सेवा आणण्याचे जाहीर केले आणि त्यानंतर मोठ्या जहाजांवर व्हिडीओ कॉल ही साधी गोष्ट झाली. मात्र वायफाय पॅकेजचे पैसे वेगळे मोजावे लागतात. पॅकेज न घेता फोनचे रोमिंग चालू राहिले, तर जहाजावरचे सागरी नेटवर्क पकडले जाते आणि घरी आल्यावर बिल पाहून घाम फुटतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवावे.

अनेकांच्या लक्षात न येणारा मुद्दा असा, की डेटिंग ॲपवर दिसण्यासाठी समोरच्यानेही पॅकेज घेतलेले हवे आणि ॲप उघडलेले हवे. ‘एम्प्रेस’वर सुमारे १,८०० प्रवासी मावतात. त्यातून कुटुंबे, लहान मुले, कंपनीच्या सहली, लग्नाची वऱ्हाडे वजा करा. उरलेल्यांत एकटे किती, त्यांपैकी त्याच ॲपवर किती आणि पैसे भरून ऑनलाइन किती? चार-दोन स्वाइपनंतर पडदा रिकामा झाला, तर स्वतःच्या प्रोफाइलला दोष देऊ नये. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या, सात हजारांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजावर गणित थोडे बदलते, इतकेच.

मग लोक भेटतात कुठे?

बहुतेक वेळा ॲपबाहेर. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या दैनिक कार्यक्रमपत्रिकेत ‘सोलो ट्रॅव्हलर्स मीट’ असते. समलिंगी प्रवाशांच्या मेळाव्यासाठी ‘फ्रेंड्स ऑफ डोरोथी’ हे सांकेतिक नाव अनेक वर्षे वापरात होते. क्रूझचे भाडे दोघांचे धरलेले असते आणि एकट्याला अनेकदा जवळपास दुप्पट मोजावे लागते. यावर तोड म्हणून नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०१० मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’वर एकट्यांसाठी १२८ छोट्या केबिन आणि त्यांच्यासाठी वेगळी बैठकीची जागा केली. ओळख होण्यासाठी अशी जागा कोणत्याही अल्गोरिदमपेक्षा कामाची. काही कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमधली चॅट जहाजाच्या आतल्या नेटवर्कवर चालते, त्यासाठी इंटरनेट पॅकेज लागत नाही. ओळख झाली की पुढचे बोलणे तिथे करता येते.

जहाजावरचे कर्मचारी या हिशेबात धरू नयेत. गोवा आणि कोकणातील अनेक तरुण परदेशी क्रूझवर नोकरी करतात. प्रवाशांशी जवळीक ठेवण्यास बहुतेक कंपन्यांत सक्त मनाई असते. नियम मोडला तर नोकरी जाते आणि पुढच्याच बंदरावर उतरवले जाते. प्रवाशासाठी ती चार दिवसांची मजा, समोरच्यासाठी घर चालवणारी नोकरी.

बंदरावर उतरताना कायदा बदलतो, तो कसा?

भारतात समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले. पण संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान, मालदीव, श्रीलंका येथे तसे नाही. आखाती क्रूझमध्ये एकाच आठवड्यात असे दोन-तीन देश येतात. टिंडरने २०१९ मध्ये अशा देशांत पोहोचलेल्या समलिंगी वापरकर्त्यांना इशारा देण्याची सोय आणली. तरी जहाज धक्क्याला लागण्यापूर्वीच ॲपमधून स्वतःला लपवणे अधिक शहाणपणाचे. केवळ अंतर दाखवणाऱ्या ॲपवरूनही नेमके ठिकाण काढता येते, हे संशोधकांनी वारंवार दाखवून दिले आहे. २०२४ मध्ये बेल्जियममधील केयू ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलेल्या १५ ॲपपैकी सहांमध्ये अशी त्रुटी आढळली होती. कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या, पण ॲपमध्ये ‘अंतर दाखवू नका’ हा पर्याय मिळत असेल, तर तो निवडावा.

काही विपरीत घडले तर?

शहरात नकोशी भेट झाली तर रिक्षा पकडून घरी जाता येते. जहाजावर तीच व्यक्ती सकाळी नाश्त्याला समोर असते. म्हणून केबिन क्रमांक सांगू नये आणि पहिली भेट वर्दळीच्या डेकवर, कॅफेत घ्यावी. तक्रार करायची झाल्यास जहाजाच्या सुरक्षा विभागाकडे लेखी द्यावी, तिची प्रत मागावी आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्यातच नोंदवावी.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत त्या-त्या देशाची हद्द. त्यापलीकडे प्रामुख्याने जहाज ज्या देशात नोंदलेले आहे तेथील कायदा लागतो. मात्र आरोपी भारतीय नागरिक असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १(५) जगात कुठेही लागू होते. अशा गुन्ह्याचा खटला येथे चालवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ नुसार केंद्राची पूर्वपरवानगी लागते. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझ सुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला. तेथील बंदरांशी संबंधित जहाजांना गंभीर गुन्हे एफबीआयला कळवावे लागतात आणि त्यांची आकडेवारी जाहीर होते. त्यात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींचे प्रमाण मोठे असते.

आणि ‘मी जहाजावर आहे’ असे सांगणारे?

हे घरी बसलेल्या वाचकांसाठी. मर्चंट नेव्हीतला अधिकारी, तेलविहिरीवरचा इंजिनीअर ही डेटिंग ॲपवरच्या फसवणुकीतली जुनी पात्रे. समुद्रात असल्याने भेट नाही, नेट नसल्याने व्हिडीओ कॉल नाही आणि एक दिवस अचानक कस्टम्समध्ये अडकलेल्या पार्सलसाठी पैसे हवेत. अनेक जहाजांवर आता व्हिडीओ कॉलइतके इंटरनेट आहे. महिनोन्‌महिने चेहरा न दाखवणाऱ्याची सबब म्हणूनच पूर्वीइतकी पटण्यासारखी नाही. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्याआधी ती गोठवता येते, आणि ती वेळ अनेकदा काही तासांचीच असते.