मुहूर्त पंचांगात नसतो

मैत्रिणींनो, आपल्याकडे घरात पूजा किंवा लग्न ठरलं की आधी बायकांच्या पाळीच्या तारखा मोजल्या जातात. तारीख जवळ येतेय म्हटलं की मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, पाळी पुढे ढकलायची आणि स्वयंपाकाला उभं राहायचं. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याला आपण औषध घेणं म्हणतच नाही. पण टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार चालू असलेल्या बाईने हीच गोळी डॉक्टरांना न विचारता घेतली, तर महिनाभराची तयारी वाया जाऊ शकते. कशी, ते समजून घेऊ या.

या उपचारांत स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करतात. तयार झालेली भ्रूणं पुष्कळदा लगेच गर्भाशयात सोडत नाहीत, उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवलेलं भ्रूण नंतरच्या पाळीचक्रात आईच्या गर्भाशयात सोडलं आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एक मुलगी जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ साली या माणसाने जीवन संपवलं. १९९७ साली डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांची कागदपत्रं अभ्यासून हे श्रेय त्यांचंच, असं जाहीरपणे सांगितलं. भ्रूण थांबू शकतं, गर्भाशय तयार असेल तेव्हाच ते सोडावं, हे त्यांच्या कामातलं सूत्र आज रोजच्या उपचाराचा भाग झालंय.

मग गर्भाशय तयार कसं करतात? नेहमीची पद्धत अशी. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू होतात. त्यांनी गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. दहा-बारा दिवसांनी सोनोग्राफी करतात. अस्तर साधारण ७ मिलिमीटर किंवा जास्त हवं. नसेल, तर याच गोळ्या आणखी काही दिवस वाढवता येतात. म्हणजे इथपर्यंत थोडं मागेपुढे चालतं.

त्यानंतर प्रोजेस्टेरॉन सुरू होतं आणि इथून खेळ बदलतो. दूध तापवून ठेवलं तर तासभर थांबता येतं, पण विरजण लावलं की वेळ सुरू झाली. प्रोजेस्टेरॉन हे अस्तराचं विरजण. पहिल्या डोसपासून दिवस मोजायचे आणि पाच दिवसांचं भ्रूण साधारणपणे सहाव्या दिवशी सोडायचं. भ्रूणाचं वय आणि अस्तराचं वय जुळावं लागतं, कारण अस्तर भ्रूणाला रुजवून घेतं ते अगदी थोडे दिवस. पाळी ढकलण्याची गोळी प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातली. इस्ट्रोजेनच्या दिवसांत ती घेणं म्हणजे विरजण भलत्याच वेळी लावणं. कधी कधी तारखा जुळवायला डॉक्टर स्वतःच अशी गोळी देतात. तेव्हा गोळी वाईट नाही, ती कधी घ्यायची ते त्यांना ठरवू द्या.

आता माझं खरं म्हणणं सांगते. ही वेळ पाळायची जबाबदारी आपण एकट्या बाईवर टाकतो आणि वर तिला ती लपूनछपून पाळायला लावतो. प्रोजेस्टेरॉन बहुतेकदा योनिमार्गातून घ्यायचं असतं, दिवसातून दोन-तीनदा. एकत्र कुटुंबात, पाहुणे बसलेले असताना, तिने दार लावून घ्यायचं कधी? ‘दुपारचीच कसली झोप?’ हा प्रश्न तयारच असतो. हरतालिकेचा निर्जळी उपवास असेल तर पोटात घ्यायची गोळी पाण्याबरोबर घेतली की उपवास मोडला म्हणायचं. भ्रूण सोडायची तारीख आली की ‘अमावास्या आहे, दोन दिवस पुढे घ्या ना’ म्हणून डॉक्टरांना गळ घालायची. आणि यश आलं नाही की बोट पुन्हा तिच्याकडेच!

म्हणून घरच्यांनो, प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यावर तारीख घरच्या सोयीने हलवू नका. काही अडचण असेल तर ती पहिल्या डोसच्या आधी सांगा. अस्तर तयार नाही म्हणून डॉक्टरांनी या महिन्याचा बेत रद्द केला, तर तो तिचा दोष नाही. भ्रूण थांबलेलं असतं. २०२१ च्या कायद्याप्रमाणे ते दहा वर्षांपर्यंत साठवता येतं. आणि सगळं वेळेवर होऊनही प्रत्येक भ्रूण रुजत नाही, हेही ऐकून ठेवा.

मैत्रिणींनो, तुम्हीही डॉक्टरांना प्रश्न विचारा. पाळी नियमित असेल तर बीज आपोआप सुटण्याची वेळ पाहून, कमी गोळ्यांतही भ्रूण सोडता येतं. त्यासाठी सोनोग्राफीला जास्त खेपा पडतात, तालुक्याहून एसटीने जाणारीला ते जड जातं, हे खरंच. पण संपूर्ण गोळ्यांच्या पद्धतीत पुढे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका काहीसा जास्त दिसला आहे. तेव्हा ‘मला कोणती पद्धत आणि का?’ हे विचारायला संकोच नको.

एखादा डोस राहिला तर लपवू नका, मनानेच दुप्पट घेऊ नका, लगेच फोन करा. आणि दिवस राहिले की ‘आता कशाला एवढ्या गोळ्या, उष्ण पडतात’ असं कोणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका. संपूर्ण गोळ्यांच्या पद्धतीत बीज सुटत नाही, त्यामुळे शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन पुरेसं बनवत नाही. वार ते काम हाती घेईपर्यंत, साधारण दहा-बारा आठवडे, औषधांचाच आधार असतो. थोडा रक्तस्राव दिसला तरी ती आपल्या मनाने थांबवायची नाहीत.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दूधवाल्याचे खाडे लिहितो, गॅस कधी लावला ते लिहितो. त्यातच तीन गोष्टी ठळक लिहा : प्रोजेस्टेरॉनची पहिली तारीख आणि वेळ, भ्रूण सोडण्याचा दिवस, आणि गोळ्या कधीपर्यंत. गजर मात्र नवऱ्याच्या मोबाइलवर लावायचा. मूल दोघांना हवंय ना, मग घड्याळाकडेही दोघांनी पाहायचं!