सोसायटीचा मॅनेजर म्हणजे नक्की कोण?

थर्ड इयर संपत आलं की घरी-दारी एकच प्रश्न सुरू होतो, "कॅम्पसला कोण कोण येणार?" उत्तरंही ठरलेली असतात. आयटी, चाकणची एखादी ऑटोमोबाइल कंपनी, गेट, नाहीतर एमपीएससी. या यादीत आणखी एक नाव घालावं असं मला वाटतं. ते सांगितल्यावर आमच्या विंगमधल्या मुली पोट धरून हसल्या. नाव आहे हाउसिंग सोसायटीचा मॅनेजर! "म्हणजे तो वॉचमनच्या केबिनशेजारी बसून पावत्या फाडतो तो?" हो, तोच. हसून झालं असेल तर पुढे वाचा.

आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरून जरा बघा. आळंदी सोडून मोशीकडे, डुडुळगाव-चऱ्होलीकडे नजर टाकली की शेतांपेक्षा स्लॅब जास्त दिसतात. मोशी, चऱ्होली, चिखली, दिघी ही गावं १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. चाकणला मोठे कारखाने आले (फोक्सवॅगनचं उद्घाटन २००९ चं), आणि तिथे काम करणारी माणसं राहायला इकडे आली. आता एकेका गेटच्या आत चारशे फ्लॅट असतात. घरटी चार माणसं धरली तर सोळाशे. हे एक गावच झालं! गावाला ग्रामसेवक असतो, सरपंच असतो, निदान पाण्याच्या टाकीवर एक माणूस नेमलेला असतो. इथे काय असतं?

थोडं गणित करू, इंजिनिअरिंगचं मासिक आहे, चालेल. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष. सोळाशे माणसांना २ लाख १६ हजार लिटर लागतात. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज एकवीस-बावीस टँकर. त्यात २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिकेचं पाणी दिवसाआड, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत दोन दिवसांचं साठवायला हवं. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ऐंशी टक्के मैलापाणी होऊन परत येतं, म्हणजे रोज पावणेदोन लाख लिटरच्या आसपास. ते एसटीपीमध्ये शुद्ध करून बागेला आणि फ्लशला वापरायचं असतं. याशिवाय लिफ्ट, डिझेल जनरेटर, आगीचे पंप, सोलर, ट्रान्सफॉर्मर. आपण ज्याला प्लँट म्हणतो तो याहून वेगळा असतो का? फरक इतकाच, की चाकणच्या प्लँटमध्ये मेंटेनन्स हेड असतो, आणि प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. सोसायटीत पंप बंद पडला की मग प्लंबरचा नंबर शोधतात.

आणि पैसा? फ्लॅटमागे महिना तीन हजार धरले तरी चारशे फ्लॅटचे महिन्याला बारा लाख, वर्षाला एक कोटी चव्वेचाळीस लाख. एवढा पैसा सांभाळतो कोण? दिवसभर कंपनीत राबून रात्री साडेनऊला लॅपटॉप उघडणारा खजिनदार. निवडून आलेली कमिटी बिनपगारी असते. त्यातली बरीच माणसं प्रामाणिक आणि कष्टाळू असतात हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर कोणी काका मासिक घेऊन भांडायला यायचे.

माझा मामा अशाच एका सोसायटीत मॅनेजर आहे. आधी कंपनीत मेंटेनन्सला होता. तो म्हणतो, "कंपनीत एक साहेब होता, इथे चारशे आहेत, आणि चारशेंचे चारशे रात्री दीड वाजता जागे असतात." पार्किंगमध्ये कोणाची गाडी आडवी लागली, तर फोन मामाला. वरच्या मजल्यावर मिक्सर वाजला, फोन मामाला. पण एसटीपीचा ब्लोअर बदलायचा तर सही चेअरमनची, कोटेशन सेक्रेटरीचं, आणि मामाचं काम 'फॉलोअप'. जबाबदारी सगळी, अधिकार शून्य. आजच्या स्वरूपातल्या नोकरीचं भविष्य विचाराल तर माझं उत्तर सरळ आहे: अशा नोकरीला भविष्य नाही. पगार फ्रेशरपेक्षा कमी, बढती नाही, आणि कमिटी बदलली की माणूस बदलतो.

मग मी ही वकिली का करतेय? कारण हे काम असंच असलं पाहिजे असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल नावाच्या बाईंनी १८६५ मध्ये गरिबांच्या मोडक्या घरांचं व्यवस्थापन हातात घेतलं. घरं विकत घ्यायला पैसे दिले जॉन रस्किन यांनी. त्यांच्याकडे भाडं गोळा करणारी बाई दर आठवड्याला दारात जायची, गळकं छप्पर, तुंबलेलं गटार बघायची आणि दुरुस्तीही करून घ्यायची. भाडं आणि दुरुस्ती एकाच माणसाच्या हातात! या कामासाठी त्यांनी बायकांना शिकवून तयार केलं, आणि तिथूनच इंग्लंडात घरांचं व्यवस्थापन हा रीतसर पेशा झाला. आपल्याकडे मी अजून एकही बाई सोसायटीची मॅनेजर पाहिलेली नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला 'सुपरिंटेंडंट'चं स्पेलिंग घोटून घेतलं, पण तो एखाद्या इमारतीचाही असतो हे कोणी सांगितलं नाही.

फार लांब कशाला जा. १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे. आपल्या पट्ट्यात पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, त्याबरोबर कामगारांची कॉलनीही आली. अशा कंपनी-कॉलन्यांमध्ये नळाचं वायसर बदलायलाही कंपनीचा माणूस यायचा. १९७२ ला नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, २०२१ मध्ये ते विसर्जित होऊन पीएमआरडीएमध्ये गेलं. मधल्या काळात बिल्डरचा फ्लॅट आला. बिल्डर चावी देऊन मोकळा, आणि पुढची चाळीस वर्षं कोण बघणार हा प्रश्न व्हॉट्सअॅप ग्रुपवर!

आळंदीकरांना हे सांगायला नकोच. इथे धर्मशाळा किती आहेत ते मोजायला बसलं तर सबमिशन राहून जाईल. कार्तिकीला किंवा पालखी निघताना धर्मशाळेचा व्यवस्थापक काय काय करतो ते कधी बघितलंय? कुठल्या दिंडीला कुठली खोली, कोणाला व्हरांडा, पाण्याचा टँकर कधी, संडास सफाई किती वेळा, भांडण लागलं तर कोणाची समजूत आधी काढायची, सगळं एका वहीत. हजारो माणसं येतात, राहतात, जातात. तो ना एमबीए, ना त्याच्याकडे अॅप, पण अधिकार आहे. खोली दिली म्हणजे दिली. सोसायटीच्या मॅनेजरला नेमकं हेच मिळत नाही.

अॅपचा विषय निघालाच आहे तर बोलू. गेटवर कोण आलं हे मोबाइलवर कळतं, बिल ऑनलाइन भरता येतं, तक्रारीला नंबर मिळतो, मग मॅनेजर हवाच कशाला, असं आमच्या कॉम्प्युटरच्या मित्रांचं म्हणणं. पावत्या फाडण्याचं काम अॅपने खाल्लं हे खरं, आणि बरं झालं. पण बेसमेंटमधल्या टाकीला अॅप नाक लावत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वाघोलीत एका सोसायटीच्या मैलापाण्याच्या टाकीत उतरलेले कामगार गुदमरून मेले. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. केमिस्ट्रीत आपण हे दोन मार्कांसाठी पाठ केलंय. माणसाला असं संरक्षणाशिवाय गटारात किंवा टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कुठल्याही सोसायटीत कोणी आत उतरायच्या क्षणी तिथे उभं राहून "थांब, उतरू नकोस" म्हणायला हा वायू माहीत असलेलं कोण असतं? चेअरमन ऑफिसला गेलेले, सेक्रेटरी मीटिंगमध्ये. मॅनेजरला तेवढं ज्ञान आणि तेवढा अधिकार असला पाहिजे. माझ्या मते त्याच्या पगाराचं खरं कारण हे आहे, बाकी सगळं नंतर.

शिक्षणाचं म्हणाल तर तेही अगदीच नाही असं नाही. आपल्या राज्याचं सहकार खातं जीडीसी अँड ए परीक्षा घेतं, तिच्याबरोबरच सीएचएम म्हणजे सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाची परीक्षा असते. किती जणांनी नाव ऐकलंय? मीही मामाकडूनच ऐकलं. पण ही परीक्षा पास झालेलाच मॅनेजर नेमा असं बंधन सोसायटीवर नाही. गंमत बघा, २०२३ मध्ये महारेराने फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटला प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. लिफ्टची देखभाल करणाऱ्याला लायसन्स लागतं. विजेचं काम करणाऱ्याला लागतं. आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्याला? काहीच नाही. उद्या कायद्यात एक ओळ आली, की ठरावीक फ्लॅटच्या वरच्या सोसायटीला पात्र व्यवस्थापक हवा, की हीच नोकरी रांग लावण्यासारखी होईल. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं, तेव्हाच ही ओळ घालता आली असती.

आता आपल्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या, स्वार्थाची गोष्ट. फायनल इयरला हॉस्टेल सुटतं आणि फ्लॅट शोधायची वेळ येते. मग ऐकायला मिळतं, "बॅचलर्स नॉट अलाउड." २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त आठ दिवस आधी कळवावं लागतं. सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते तोही सेवा आकाराच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. हे गेटवरच्या वॉचमनला माहीत नसतं, त्याचा दोष नाही. नियम वाचलेला मॅनेजर असता तर निम्मी भांडणं गेटवरच मिटली असती. (उरलेल्या निम्म्या भांडणांत रात्री दोनला स्पीकर लावणारे आपलेच वीर असतात, हेही मान्य.)

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत काम वाढणार हे नक्की. पंधरा वर्षांच्या पुढच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीला तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असं उपविधीच सांगतात. २००५ च्या आसपास बांधलेल्या इमारती आता त्या वयात आहेत. त्यांच्या लिफ्ट, पाइप, वॉटरप्रूफिंग, सगळं एकदमच थकायला लागलंय. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराच्या सोलरला किलोवॅटमागे १८ हजारांचं अनुदान आहे. पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर बसवायचे तर मंजूर लोड पुरेल का, हे बघायला कोणीतरी हवं. हे सगळं सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचं काम आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कांत फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपन्या याच कामाला इंजिनिअर घेतात आणि टायवाल्या साहेबासारखं वागवतात. तोच माणूस राहत्या इमारतीत आला की त्याला 'अहो मॅनेजर, जरा ट्यूब बदलता का' म्हणतात.

पैशाचं काय? सोसायटीला इंजिनिअर परवडत नाही हे मला नेहमी ऐकवलं जातं. महिना पन्नास हजार पगार धरा. चारशे फ्लॅटमध्ये वाटला तर फ्लॅटमागे सव्वाशे रुपये. एवढ्यात हल्ली दोन वडापाव, एक चहा आणि वर थोडी सुट्टी येते! आळंदी रस्त्याला चाळीस-चाळीस फ्लॅटच्या ज्या लहान सोसायट्या आहेत, त्यांनी दहा जणींनी मिळून एक मॅनेजर ठेवावा, हिशेब तोच पडतो. चिखली-मोशी भागात सोसायट्यांचं फेडरेशन आहेच. पाण्यासाठी एकत्र येता येतं तर माणसासाठीही येता यावं. मात्र या माणसाला सभेच्या ठरावाने ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार द्यायचा, आणि टाकी, लिफ्ट, आग या तीन बाबतींत काम थांबवण्याचा पूर्ण अधिकार. हे दोन्ही लेखी मिळाल्याशिवाय कोणी इंजिनिअरने ही नोकरी धरू नये असं मी स्पष्ट म्हणेन, पगार कितीही असो.

आई-बाबांना हे पटवणं अवघड आहे. "एवढी फी भरून सोसायटीत नोकरी?" हा प्रश्न आमच्या घरी आधीच येऊन गेलाय. मी कॅम्पसला बसणार आहेच, लोन आहे. पण सीएचएमचा अभ्यासही करणार आहे. सर आणि मॅडम लोकांना एक विनंती: ओपन इलेक्टिव्हमध्ये हा विषय आणता येतो का बघा. सिव्हिलने इमारत शिकवावी, मेकॅनिकलने पंप, इलेक्ट्रिकलने लोड, आणि उपविधी शिकवायला एखादे सहकार खात्यातले निवृत्त अधिकारी यावेत. इंडस्ट्रियल व्हिजिटला दरवेळी चाकणचीच असेंब्ली लाइन बघायची गरज नाही, कॉलेजपासून दोन किलोमीटरवर बेसमेंटं आहेत.

तोपर्यंत सराव म्हणून आमच्या विंगने हॉस्टेलपासून सुरुवात करायची ठरवली आहे. गच्चीवरच्या टाकीवर सफाईची तारीख आणि पुढच्या सफाईची तारीख ऑइलपेंटने रंगवायची, प्रत्येक मजल्यावर पाण्याच्या वापराचा तक्ता लावायचा. अर्ज रेक्टर मॅडमकडे दिलाय. रंगाचा डबा आणि ब्रश कोणाकडे असेल तर बी विंग, दुसरा मजला.